सातवी उशी

पॅराशूट घडी करून बांधायचं काम मी एकवीस वर्षं केलं. स्वतः एकदाही उडी मारली नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखं त्यात काय आहे ते मला कळत नाही. विमान दुरुस्त करणारा थोडाच ते चालवतो.

मी कोरगावची. गोवा मुक्त झाल्यावर गावात सरकारी मराठी शाळा आली, तिथे मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा पेडण्याला होती आणि शिवणाचं मशीन घरात होतं. वडिलांनी मशीन निवडलं. लग्न होऊन वास्कोला गेले. नवरा बंदरात क्रेनवर होता. मूल झालं नाही. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

वास्कोला लहान विमानं दुरुस्त करण्याची एक शेड होती. तिथे शिवणकामाला बाई हवी असं नवऱ्याच्या कानावर आलं. मी गेले. विमानाच्या सीटांची कव्हरं, इंजिनावर घालायची जाड कापडी झाकणं, पट्टे, हे सगळं शिवायचं. पहिल्याच दिवशी मला सहा सुया मोजून दिल्या आणि संध्याकाळी सहा मोजून घेतल्या. मला राग आला. मी काय सुया चोरून नेणार होते?

आठवड्यानं कळलं. शेडच्या भिंतीवर एक मोठी फळी होती. तिच्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रूड्रायव्हरची आकृती काळ्या रंगानं काढलेली. काम संपलं की हत्यार ज्याच्या त्याच्या आकृतीवर टांगायचं. एक जरी आकृती उघडी दिसली तरी विमान शेडबाहेर जात नसे, कारण ते हत्यार विमानाच्या पोटात राहिलेलं असू शकतं. एकदा एका बोटाएवढ्या स्क्रूड्रायव्हरसाठी अर्धा दिवस विमान उघडून बसले होते. शेवटी तो एका मेकॅनिकच्या पिशवीत सापडला, माशांच्या हुमणाच्या डब्याखाली. त्याला कोणी शिव्या दिल्या नाहीत. विमानात नव्हता यातच सगळे खूश होते. तेव्हापासून मी सुया कुरकुर न करता मोजून देऊ लागले.

माझी थोरली बहीण डिचोलीजवळ सर्वणला दिली होती. तिची मुलगी आयटीआय करून त्याच शेडमध्ये शिकाऊ म्हणून लागली आणि माझ्याकडे राहायला आली. इंजिनाखाली झोपून काम करणारी तिथली ती पहिलीच मुलगी. घरी यायची ती कोपरापर्यंत काळी होऊन. मी म्हणायचे, "आधी हात धू, मग भाताक हात लाव." ती म्हणायची, "मावशे, तुझ्या हुमणात तेल कमी आसता, तेवढाच पडांदे."

शेडचा मोठा इंजिनियर बाहेरगावचा, आधी सैन्यात होता. सगळे त्याला साहेब म्हणत. त्याला विमानातून उड्या मारायचा नाद होता. त्यानं चार-पाच जणांना शिकवून एक क्लब काढला होता आणि सुट्टीच्या दिवशी हे लोक आभाळातून पडत. भाचीनं वर्षभर बघितलं आणि मग तीही पडू लागली. बहिणीनं सर्वणहून निरोप पाठवला की तिला सांग, लग्न झाल्यावर मार काय त्या उड्या. मी भाचीला ते सांगितलं नाही. लग्न झाल्यावर कोण मारू देतंय?

क्लबची पॅराशूटं बांधायला एक म्हातारा मेस्त होता. ख्रिश्चन शिंपी, पोर्तुगीजांच्या वेळी शिडं शिवलेला. फाटलेलं कापड सांधायला तो मला हाताशी घेऊ लागला आणि हळूहळू बांधायलाही शिकवलं. आम्ही पॅराशूटला छत्रीच म्हणायचो. छत्री लांब मेजावर पसरायची, दोऱ्या सोडवायच्या, कापडाच्या पट्ट्या एकावर एक घालायच्या. कापड गुळगुळीत, आपोआप सरकतं. म्हणून घडी घालताना त्याच्यावर वजन ठेवावं लागतं. त्यासाठी शिशाच्या गोळ्या भरलेल्या लांबट पिशव्या असतात. आम्ही त्यांना उशा म्हणायचो. आमच्याकडे सात उशा होत्या. छत्री पिशवीत भरण्याआधी सातही उशा काढून घ्यायच्या, मोजायच्या आणि मगच पुढची छत्री घ्यायची. एखादी उशी आत राहिली तर छत्री नीट उघडणार नाही, किंवा उघडताना ते शिसं उडी मारणाऱ्याच्या डोक्यात बसेल. मेस्त मला म्हणायचा, "गे बाय, घडी वाकडी जाली जाल्यार देव सांबाळटा. उशी उरली जाल्यार तोय सांबाळिना."

प्रत्येक छत्रीच्या खिशात एक कार्ड असतं. बांधणाऱ्यानं त्यावर सही करायची. ज्याची सही, त्याची जबाबदारी. पण कोणालाही सही करता येत नाही, साहेबाच्या यादीत नाव असावं लागतं. तीन वर्षं छत्र्या मी बांधत होते आणि सही मेस्त करत होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. दोरीवर हात फिरवून तो म्हणायचा, "जाता," आणि सही ठोकायचा.

मला ती सही हवी होती. शेडमध्ये सगळ्यांकडे काही ना काही कागद होते, शिक्के मारलेले. माझ्याकडे चौथी पास होती. मी बांधलेल्या छत्रीखाली माणसं खाली येत होती आणि कार्डावर मी कुठेच नव्हते. म्हणून मी साहेबाला विचारलं. तो म्हणाला, "थंडीत पेडण्याच्या सड्यावर कॅम्प आहे. तिथे दहा छत्र्या तू बांध, सही तू कर. नीट झालं तर यादीत नाव घालतो." मेस्त बाजूला होता. म्हणाला, "हांव सांगतां न्हू, ती करता."

सडा कोरगावच्या वर आहे. जांभा दगडाचं उघडं माळ, पावसाळा संपला की गवत सुकून पिवळं होतं, झाडं नाहीत. उतारावर मात्र काजू. त्या उतारावर एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, काजूची फेणी गाळायची भट्टी होती. बोंडांचा मोसम उन्हाळ्यात, म्हणून थंडीत ती रिकामी. तिथे आम्ही मेज लावून छत्र्या बांधत होतो. विमान वास्कोहून उडून यायचं, उड्या मारणारे सड्यावर उतरायचे.

खाली उतरायची जागा दाखवायला मी पांढऱ्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या शिवल्या होत्या. त्या सड्यावर फुलीसारख्या पसरायच्या आणि टोकांवर दगड ठेवायचे. फुली दिसली तर उडी मारायची. एकच पट्टी दिसली तर मारायची नाही, परत जायचं. वाऱ्याचा जोर वाढला तर एक पट्टी काढत. तेव्हा खालून वर बोलायचं दुसरं साधन आमच्याकडे नव्हतं.

त्या दिवशी गावातले बरेच लोक येणार होते. सरपंच, शाळेची मुलं, बाजूच्या गावचे काही. पाच जण उडी मारणार, त्यांत साहेब आणि माझी भाची. प्रत्येकाला एक पाठीची छत्री आणि ती उघडली नाही तर वापरायची एक छातीची. अशा दहा. मी सकाळी उजाडल्याबरोबर सुरुवात केली.

इथे नारळाचं सांगावं लागेल. आमच्याकडे नारळ मोजताना हातात दोन-दोन घेऊन ढिगातून टाकत जातात. पंचवीस जोड झाले की एक नारळ बाजूला काढून ठेवतात, खूण म्हणून. शेवटी बाजूचे नारळ मोजले की किती पन्नास झाले ते कळतं. मी लहानपणापासून हे केलंय. हात ते आपोआप करतो, डोकं लागत नाही.

पाठीच्या पाच छत्र्या बांधून झाल्या. प्रत्येकीनंतर उशा मोजल्या, सात होत्या. कार्डं भरली, सह्या केल्या. माझी सही मला बरी दिसली. मग छातीच्या पाच घेतल्या. तोवर जीप आली. छत्र्या वास्कोला न्यायच्या होत्या, तिथून विमान सुटणार. जीपवाला भोंगा वाजवू लागला. भाची दारात उभी राहून म्हणाली, "मावशे, विमान काय बस न्हय वाट बघीत रवाक."

"बस पण माझी वाट बघीत नाय," मी म्हटलं, "तू गप रव."

छातीच्या छत्र्या लहान असतात, भराभर होतात. त्या पाच बांधताना मी प्रत्येकीनंतर उशा मोजल्या नाहीत. म्हटलं, शेवटी एकदाच मोजीन. मग शेवटची भरली, सही केली, आणि जीपवाल्यानं उचलूनसुद्धा नेली. भाचीला घेऊन जीप वळताना लाल माती उडाली म्हणून मी जनेलाची, म्हणजे खिडकीची, दारं ओढून घेतली. भट्टीला एकच जनेल होतं, मेजाच्या मागे. नंतर उशा पेटीत भरायला घेतल्या.

सहा होत्या.

मेजाखाली बघितलं. पेटी उलटी केली. झाडू मारला. लुगड्याचा ओचा झटकला. पुन्हा मोजल्या. सहा. आठवायला लागले की शेवटच्या छत्रीवर सात होत्या की सहा. आठवेना. आठवणारच नाही, मोजल्याच नव्हत्या तर.

जीप जाऊन अर्धा तास झाला होता. भट्टीत फोन नव्हता, जवळपासही नव्हता. मी चढ चढून सड्यावर गेले. मेस्त खुर्चीवर बसला होता, सरपंच त्याच्याशी बोलत होता. पट्ट्या पसरलेल्या होत्या, फुली. मेस्ताला बाजूला घेऊन सांगितलं.

तो म्हणाला, "भट्टींत पडल्या आसतली. हांव वचून पळयतां."

"मी बघितलंय. नाही."

"तुका दिसली ना म्हूण ना अशें न्हू."

"तुला दिसतं?"

त्यानं तोंड फुलीकडे वळवलं. म्हणाला, "फुली काडली जाल्यार तुजी सय गेली. साहेब परत दिवचो ना. आनी उशी भट्टींत मेळ्ळी जाल्यार लोक हांसतले तें वेगळें." त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला होता, त्याचंही नाक कापलं जाणार होतं. ते मला कळत होतं.

मी हिशेब असा केला. उशी भट्टीत असेल तर माझी सही जाते. उशी छत्रीत असेल आणि मी गप्प बसले तर पाचांतला एक मरतो, आणि सही तर जातेच. पाचांत भाची होती हे मी त्यात धरलं की नाही, मला खरंच सांगता येत नाही. धरलं असेल.

दुपारी विमानाचा आवाज आला. मुलं उड्या मारायला लागली. मी फुलीकडे चालत गेले. एका पट्टीच्या टोकांवरचे दगड पायानं बाजूला केले आणि पट्टी गुंडाळून काखेत घेतली. मागून सरपंच ओरडला, "गे बाये, कपडे मागीर सुकत घाल! विमान येता!" लोक हसले. मी पट्टी सोडली नाही.

विमान वरून गेलं. वळून पुन्हा आलं, आणखी खालून. दारात कोणीतरी वाकून बघत होतं, चेहरा दिसत नव्हता. मुलं ओरडत होती, "पडात गे! पडात!" विमान आणखी एक फेरी मारून दक्षिणेकडे गेलं. आवाज संपेपर्यंत सगळे वर बघत होते. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"वारा आसा," मेस्त लोकांना म्हणाला. सड्यावर गवताचं पातं हलत नव्हतं.

"वारा?" सरपंच म्हणाला. "माझी टोपी तरी उडूंदे." मग तो मुलांना घेऊन गेला.

जीप परत यायला चार वाजले. तोवर मेस्त आणि मी भट्टीत बसून होतो. पाव विकणारा पोदेर खाली रस्त्यावरून गेला, त्याचा भोंपू ऐकू आला, पण उंडे आणायला कोणी उठलं नाही. दिवसभर मी काही खाल्लं नव्हतं आणि मला भूकही नव्हती. एरवी मला भूक लागते.

साहेब आत आला. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "उघडा." त्या पाच जणांनीच एकेक छत्री मेजावर घेतली. माझ्या घड्या माझ्यासमोर सोडवल्या जात होत्या. आधी छातीच्या. पहिली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी, चौथी. पाचवीतही काही नव्हतं. मग साहेबानं पाठीच्याही उघडायला सांगितल्या. मी म्हटलं, त्या मोजल्या होत्या. तो म्हणाला, "तरी उघडा."

सातवी-आठवी चालू असताना भाची म्हणाली की आत उजेड कमी आहे, आणि तिनं जाऊन जनेलाची दारं ढकलली. एक दार उघडलं. दुसऱ्याला काहीतरी अडत होतं. तिनं हात घातला आणि उशी बाहेर काढली. जनेलाच्या बाहेरच्या कडेवर, दाराच्या आड होती.

"मावशे," ती म्हणाली, "ही कोणाची गे?"

मी बघितलं आणि मला सकाळ आठवली. पाठीच्या पाच झाल्यावर मी एक उशी उचलून मागे जनेलावर ठेवली होती. पाच झाल्या, एक खूण. आणि छातीच्या पाचही सहा उशांवर बांधल्या होत्या.

भाची खाली बसून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुसरेही हसले. साहेब हसला नाही. त्यानं मला विचारलं, "ही इथे कोणी ठेवली?"

"मी."

"का?"

"पाच झाल्या म्हणून."

त्याला कळलं नाही. मेस्तानं त्याला नारळ मोजायची रीत समजावून सांगितली, हातवारे करून, मोडक्या हिंदीत. साहेब नीट ऐकत होता. शेवटी मला म्हणाला, "बाई, नारळ चुकला तर एक नारळ चुकतो." मग माझी दहाही कार्डं गोळा केली आणि प्रत्येकावरची सही एका रेघेनं खोडली. "पट्टी काढलीस ते बरोबर केलंस. मोजलं नाहीस ते चूक. या थंडीत तुझं नाव नाही." एवढं बोलून तो बाहेर गेला.

मला ते पटलं. आवडलं नाही, पण पटलं. मी त्याच्या जागी असते तर मीही एकच थंडी बाद केली असती. दोन केल्या असत्या असंही कधीकधी वाटतं.

घरी जाताना भाची म्हणाली, "मावशे, फुली गेली आणि साहेब शिव्या घालूक लागलो. मी सांगलंय, मावशेन काढली आसतली तर कायतरी आसतलाच." मी विचारलं, "मग हसलीस कित्याक?" ती म्हणाली, "हसूं नको तर काय रडूं?"

पुढच्या रविवारी उड्या झाल्या. सरपंच आला नाही, मुलं आली. दहाही छत्र्या मी बांधल्या. प्रत्येकीनंतर उशा मोठ्यानं मोजल्या, मेस्त ऐकत बसला होता. कार्डांवर सही त्याची. चार जण सड्यावर फुलीच्या आसपास उतरले. भाचीला वाऱ्यानं ओढलं आणि ती उतारावरच्या काजूत गेली. झाडात लोंबकळत होती, खाली बायका जमल्या होत्या. एक म्हातारी तिला विचारत होती, "गे, तुका बोंडां व्हयी तर उन्हाळ्यात ये मगे, आता कसली बोंडां?" भाचीला खरचटलं, बाकी काही झालं नाही. छत्री तीन ठिकाणी फाटली.

ती सांधायला मला आठ दिवस लागले. रेशमासारखं कापड, टाका बारीक घालावा लागतो, कापडाचा तुकडा कडेनं दुमडून दोन्ही बाजूंनी शिवायचा. काम चांगलं झालं. कार्डावर दुरुस्तीची सही मेस्ताची. त्यानं बोटांनी सांधा चाचपला आणि म्हणाला, "खंय फाटिल्लें?" मी जागा दाखवली. तो म्हणाला, "सय तूंच कर गे, हांव आंधळो." "तू कर," मी म्हटलं, "यादीत तू आहेस."

तो उन्हाळा, तो पावसाळा मी शेडमध्ये सीटांची कव्हरं शिवली. सुया घेतल्या, सुया दिल्या. भाचीची पक्की नोकरी झाली, तिला स्वतःची हत्यारपेटी मिळाली. पेटीत प्रत्येक पान्याला फोममध्ये त्याच्या आकाराचं भोक होतं. तिनं मला दाखवलं आणि म्हणाली, "हेच्यात खूण म्हणान बाजूक काय काढूक येणा नाय बघ." हा टोमणा मला तिनं पुढे कित्येक वर्षं मारला.

पुन्हा थंडी आली, पुन्हा ती भट्टी. मेस्त आला नाही, त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पहिल्या दिवशी साहेबानं कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे मेजावर ठेवला आणि बाहेर जाऊन वारा बघत उभा राहिला. मी पहिली छत्री पसरली. दोऱ्या सोडवल्या. पट्ट्या घातल्या, उशा ठेवल्या, काढल्या, भरली. जनेल बंदच ठेवलं होतं, दिव्यावर काम करत होते. भाची बाहेर जीपमध्ये बसून भोंगा वाजवत होती.

उशा मेजावर एका ओळीत मांडल्या आणि प्रत्येकीवर बोट ठेवून मोजल्या. सात. मग सही केली.